रेसबुक उलटं वाचू नका: आधी वंशावळ, मग वजन, शेवटी जॉकी

पुण्याचा घोडेशर्यतींचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो आणि दरवर्षी त्याच चुका पुन्हा होतात. रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची पुस्तिका, उघडलं की पहिली नजर जॉकीच्या नावावर, दुसरी ऑड्सवर, म्हणजे पैजेच्या भावावर, आणि घोड्याच्या आईबापांची ओळ वाचायचीच राहून जाते. उलट ज्यांना वंशावळीची गोडी आहे ते वीस शर्यती पळालेल्या घोड्याचाही आजोबा काढून बसतात. पहिला माणूस जॉकीला नको इतकं श्रेय देतो, दुसरा रक्ताला. वंशावळ घोड्याची मर्यादा सांगते: किती अंतर, कसली जमीन, कोणत्या वयात. त्या मर्यादेतला दम कुठे आणि किती खर्च करायचा, हे जॉकी ठरवतो. म्हणून वाचायचा क्रमही तसाच हवा.

खालची पद्धत एका शर्यतीसाठी साधारण वीस-पंचवीस मिनिटं घेते. दिवसभराच्या सगळ्या शर्यतींना ती लावायच्या फंदात पडू नका. दोन किंवा तीन निवडा.

## तयारी: आदल्या संध्याकाळी

हाताशी तीन गोष्टी हव्यात. एक, अंतिम नावं आणि ड्रॉ (सुरुवातीच्या गेटमधली जागा) असलेलं कार्ड. आधी आलेल्या हँडिकॅपच्या, म्हणजे प्रत्येक घोड्याचं वजन ठरवणाऱ्या, यादीवर काम करू नका, त्यातले निम्मे घोडे पळतच नाहीत. दोन, प्रत्येक घोड्याच्या मागच्या किमान तीन शर्यतींचे व्हिडिओ. तीन, एक वही. पानावर सात रकाने आखा: घोडा, अंतर, वंशावळ, वजन, ड्रॉ, पळण्याची पद्धत, जॉकी.

आठवा रकाना ऑड्सचा नको. ऑड्स आधी दिसले की बाकीचे सात रकाने आपोआप त्यांच्या बाजूने भरले जातात. रेसवर पैसे लावणं न लावणं तुमचा प्रश्न आहे, पण भाव पाहायचा तो सगळं लिहून झाल्यावर.

## टप्पा १: घोड्याआधी शर्यत वाचा

अंतर, क्लास (रेटिंगनुसार पाडलेला घोड्यांचा गट), वय आणि जमीन या चार गोष्टी वहीच्या माथ्यावर लिहा.

अंतराला सगळ्यात जास्त वजन द्या. १००० मीटर आणि १४०० मीटर हे कागदावर शेजारी वाटतात, प्रत्यक्षात ते दोन वेगळे खेळ आहेत. पुण्याच्याच सीझनमध्ये २००० मीटरची पुणे डर्बी असते आणि २८०० मीटरची इंडियन सेंट लेजरही. पहिलीत चमकलेला घोडा दुसरीत टिकेलच असं नाही.

जमिनीसाठी रेसिंग क्लब पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा देतो. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. एकटा आकडा पाहून काही कळत नाही, घोडा आधी ज्या दिवशी चांगला पळाला त्या दिवशीचा आकडा शेजारी लिहिला तरच उपयोग होतो. सोबत फॉल्स रेल्सची, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या बाजूला लावलेल्या तात्पुरत्या कठड्यांची, माहितीही असते: कुठून कुठपर्यंत, किती मीटर रुंद. वापरून तुडवलेली पट्टी वाचवण्यासाठी रेल्स बाहेर सरकवलेल्या असल्या, तर आतला ड्रॉ आता ताज्या गवतावर पळणार आहे. गेल्या आठवड्यातली 'आतून कोणी जिंकलं नाही' ही नोंद अशा वेळी खोडून टाका.

सावध: सकाळी हडपसरला ऊन असलं म्हणून रेसकोर्सची जमीन कोरडी असते असं नाही. दुपारी सर आली तर तिसऱ्या-चौथ्या शर्यतीपर्यंत ट्रॅक बदललेला असतो. जमीन पहिल्या शर्यतीनंतर पुन्हा तपासा.

## टप्पा २: वंशावळ किती वापरायची ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वंशावळ हा अंदाज आहे, पळालेली शर्यत हा पुरावा. पुरावा वाढत जातो तसा अंदाज बाजूला ठेवायचा. ढोबळ नियम असा:

- शून्य ते दोन शर्यती: वंशावळ आणि सकाळच्या सरावाच्या वेळा, याशिवाय हातात काहीच नाही. पूर्ण वापरा.
- तीन ते सात: वंशावळ आणि कामगिरी एकमेकांशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर कामगिरी खरी माना.
- आठच्या पुढे: वंशावळ फक्त नव्या गोष्टीसाठी उघडा. घोडा पहिल्यांदाच लांब अंतरावर उतरतोय किंवा पहिल्यांदाच ओल्या जमिनीवर पळतोय, अशा वेळी.

आता ती ओळ वाचायची कशी? तीन नावं पुरेशी आहेत: बाप, आई आणि आईचा बाप. बाप नामांकित असतोच, नसता तर त्याला स्टडवर (घोड्यांच्या पैदास केंद्रावर) ठेवलाच नसता. म्हणून फरक बहुधा आईच्या बाजूला सापडतो.

बापाच्या बाबतीत दोन प्रश्न विचारा. तो स्वतः कोणत्या अंतरावर जिंकला आणि त्याची पोरं कोणत्या अंतरावर जिंकतात? भारतात गाजलेला रझीन हा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, प्लेसरव्हिल हा मिस्टर प्रॉस्पेक्टरचा. एक्सलंट आर्ट पिव्होटलचा, आणि २००७ साली इंग्लंडमधली सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स ही एक मैलाची शर्यत जिंकलेला. ही नावं दिसली की लोक थेट निष्कर्षावर उडी मारतात: 'बाप मैलाचा, म्हणजे पोरगाही मैलाचा.' तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

स्नायूंची वाढ ठरवणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाचे दोन प्रकार थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांत आढळतात, आणि त्यांचा अंतराशी संबंध असल्याचं आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. सी-सी जोडी असलेले घोडे कमी अंतराचे, टी-टी असलेले लांब पल्ल्याचे, सी-टी मधले. प्रत्येक शिंगराला एक अक्षर बापाकडून मिळतं, एक आईकडून. म्हणजे सी-सी बाप आणि टी-टी आई यांचं प्रत्येक शिंगरू सी-टी, मधल्या अंतराचं. पण आईबाप दोघंही सी-टी असले तर एक भाऊ १००० मीटरचा आणि सख्खा भाऊ २४०० मीटरचा निघू शकतो. रेसबुकात ही अक्षरं छापलेली नसतात आणि अंतर काही या एकाच जनुकावर ठरत नाही. तरीही 'याचा भाऊ तर स्प्रिंटर होता' या युक्तिवादावर किती विसंबायचं ते यावरून कळतं.

नेहमीची चूक: बाप एक आणि आई वेगळी असेल तर घोड्यांच्या भाषेत ते भाऊ नव्हेत. सावत्र भाऊ म्हणतात तो एका आईच्या दोन शिंगरांना. एका घोड्याची एका वर्षात डझनावारी शिंगरं जन्मतात, घोडीला मात्र अकरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर वर्षाला एकच. म्हणून 'त्याचा भाऊ डर्बी जिंकला' असं कोणी सांगितलं की आधी आईचं नाव विचारा.

दुसरी चूक: बापाचे जिंकलेले घोडे मोजणं आणि पळालेले न मोजणं. ८० पोरं पळवून २० जिंकवणारा बाप ३० पळवून १२ जिंकवणाऱ्यापेक्षा कार्डावर जास्त वेळा दिसतो, एवढंच.

पुणेकरांना एक सोय आहे. पूनावाला, मांजरी, नानोली असे स्टड आजूबाजूलाच आहेत आणि ब्रीडरचं, म्हणजे पैदास करणाऱ्याचं, नाव पुस्तकात असतं. एकाच स्टडच्या घोड्या वर्षानुवर्षं त्याच घराण्यातल्या असतात. दोन-तीन सीझन आईकडच्या घराण्यांची नोंद ठेवली तर कोणतं घराणं उशिरा पिकतं आणि कोणाला चिखल मानवतो हे वहीतच दिसायला लागतं. विकतच्या आकडेवारीत ते सहसा नसतं.

तपासा: वंशावळीच्या रकान्यात एकच वाक्य असावं. 'या अंतराला पूरक', 'अंतर अपुरं', 'अंतर जास्त' किंवा 'सांगता येत नाही'. 'उत्तम रक्त' हे उत्तर नाही.

## टप्पा ३: वजनाचं गणित

हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणणाऱ्या शर्यतीत, रेटिंगचा (घोड्याच्या क्षमतेच्या गुणांचा) एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. क्लास ४ ची शर्यत २० ते ४६ रेटिंगची असेल, तर वरच्या टोकाच्या आणि खालच्या टोकाच्या घोड्यांत १३ किलोंचा फरक पडतो. किलोंचं लेंथमध्ये (एका घोड्याच्या लांबीएवढ्या फरकात) रूपांतर अंतरावर अवलंबून आहे. अंदाजासाठी: १०००–१२०० मीटरला एक लेंथ म्हणजे सुमारे सव्वा ते दीड किलो, १६०० ला सुमारे एक किलो, २४०० ला अर्धा ते पाऊण किलो. अंतर वाढलं की तेवढंच वजन जास्त महागात पडतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १६०० मीटरला दोघांवर ५५ किलो असताना 'क' ने 'ख' ला दोन लेंथने हरवलं. क चं रेटिंग पाचने वाढलं, ख चं तेवढंच राहिलं. म्हणजे आता क वर अडीच किलो जास्त, म्हणजेच सुमारे अडीच लेंथ. कागदावर ख अर्ध्या लेंथने पुढे. आता क वर दोन किलोंची सूट घेणारा अप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) बसवला, तर क पुन्हा दीड लेंथने पुढे येतो. हे गणित बाजूला लिहून ठेवा, जॉकीच्या टप्प्यावर ते परत लागणार आहे.

अप्रेंटिसची सूट मोठ्या शर्यतींत सहसा मिळत नाही. शिवाय जॉकी ठरल्यापेक्षा जास्त वजनाने बसणार असेल तर ते ओव्हरवेट म्हणून जाहीर होतं. ती सूचना न ऐकता कँटीनमध्ये बसलेल्यांचं गणित अर्ध्या-एका किलोने चुकतं.

## टप्पा ४: शर्यत कशी पळेल याचं चित्र काढा

जॉकीचं नाव अजूनही झाकलेलं ठेवा. मागच्या व्हिडिओंवरून प्रत्येक घोड्यापुढे एक अक्षर लिहा: 'पु' म्हणजे गेट उघडताच पुढे जाणारा, 'म' म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जागी बसणारा, 'शे' म्हणजे शेवटी येणारा. मग कागदावर ड्रॉच्या क्रमाने गेट काढा आणि पहिल्या २०० मीटरनंतर कोण कुठे असेल ते टिपा.

एकच 'पु' असेल तर तो स्वतःच्या मर्जीने वेग ठरवेल आणि मागच्यांना त्याला गाठणं जड जाईल. तीन 'पु' असतील तर ते एकमेकांना थकवतील आणि 'म' ला आयती संधी मिळेल. वेग किती महाग असतो ते बघा: भरधाव घोडा सेकंदाला सुमारे १६ मीटर जातो आणि एक लेंथ साधारण अडीच मीटरची. म्हणजे अर्धा सेकंद तीन लेंथ. सुरुवातीला गरजेपेक्षा अर्धा सेकंद जोरात काढलेला घोडा शेवटी तेवढंच गमावत नाही, त्याहून जास्त गमावतो, कारण दम एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही.

## टप्पा ५: आता जॉकी

जॉकीच्या नावाला टाळ्या पडतात, पण आपल्याला पाहायचे आहेत त्याचे निर्णय. ते साधारण पाच ठिकाणी होतात.

गेट. घोडा चारही पायांवर सरळ उभा असताना गेट उघडलं तर उडी स्वच्छ पडते. मान वळलेली असेल किंवा तो मागे रेलला असेल तर एक-दोन लेंथ तिथेच जातात. १००० मीटरला हे भरून निघत नाही, २००० ला निघतं. त्यामुळे 'उडी खराब' ही नोंद स्प्रिंटमध्ये मोठ्या अक्षरात, लांब शर्यतीत बारीक अक्षरात.

पहिले २०० मीटर. बाहेरचा ड्रॉ मिळालेल्या जॉकीपुढे तीनच वाटा असतात: दम खर्च करून पुढे जाऊन आत यायचं, लगाम ओढून सगळ्यांच्या मागे आत यायचं, किंवा बाहेरच राहायचं. घोडा अंतराला पुरून उरणारा असेल तर पहिली वाट परवडते. अंतर जेमतेम झेपणार असेल तर दुसरी. वंशावळीच्या रकान्यात 'अंतर जास्त' लिहिलेला घोडा पहिल्या २०० मीटरमध्ये ढकलला गेला, तर पुढचं पाहायची फारशी गरज उरत नाही.

वळण. इथलं गणित शाळेतलं आहे आणि तरी कोणी करत नाही. अर्धवर्तुळाकार वळणावर रेल्सपासून जितके मीटर बाहेर, त्याच्या ३.१४ पट जास्त धाव. दोन मीटर बाहेर राहिलात तर सहा मीटरहून जास्त, म्हणजे अडीच लेंथ. पाव वर्तुळाचं वळण असेल तर याच्या निम्मं. आता टप्पा ३ मधला क आठवा: अप्रेंटिसच्या दोन किलोंनी त्याला दोन लेंथ मिळाल्या होत्या. अप्रेंटिस पोराने त्याला वळणावर दोन मीटर बाहेरून आणलं की त्या दोन्ही गेल्या, वर अर्धी आणखी.

अर्थात पावसात हेच गणित उलटू शकतं. रेल्सजवळची पट्टी तुडवून चिखल झाली असेल तर अनुभवी जॉकी मुद्दाम बाहेर येतो, कारण सहा मीटर जास्त घट्ट जमिनीवर पळणं आतल्या रबरबाटापेक्षा स्वस्त पडतं. म्हणून 'बाहेरून आणला, मूर्ख आहे' असं म्हणण्याआधी बाकीचे जॉकी कुठे होते ते पाहा.

चाल कधी करायची. घोडा भरधाव असताना प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो, श्वास आणि पाय बांधलेले असतात. त्यामुळे अचानक झटका देऊन वेग मागितला की लय मोडते. कसलेला जॉकी आधी हात किंचित पुढे सोडतो, मग टाच, आणि चाबूक सगळ्यात शेवटी. व्हिडिओत त्याच्या कोपरांकडे बघा. शेजारचे दोघं वळणावरच हात चालवू लागलेत आणि याचे कोपर अजून स्थिर आहेत, तर याच्या घोड्यात शिल्लक आहे, मग भले तो तेव्हा पाचवा असो.

स्ट्रेट. वळणावर घोडा आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला ठेवून पळतो. सरळ पट्ट्यात आल्यावर त्याने पाय बदलला की ताज्या स्नायूंवर भार जातो आणि डोळ्यांना तो एकदम सैल झाल्यासारखा दिसतो. काही घोडे आपणहून बदलतात, काहींना जॉकीने तोल सरकवून सांगावं लागतं. अजिबात न बदलणारा घोडा शेवटच्या १०० मीटरला जड होतो. हा दोष वहीत लिहा, दुसरा जॉकी बसला की तो सुटतो का ते नंतर पाहा.

जॉकी बदलला असेल तर घाईने अर्थ काढू नका. मोठा जॉकी ५० किलोला बसू शकत नाही, त्यामुळे हलक्या वजनाच्या घोड्यावरून तो उतरला यात नाराजी असेलच असं नाही. एकाच ट्रेनरचे दोन घोडे त्याच शर्यतीत असतील आणि वजन दोन्हीकडे झेपणारं असेल, तेव्हाच जॉकीने कोणता निवडला याला अर्थ आहे.

सावध: 'या जॉकीचे दहात तीन विजय' हा आकडा निरुपयोगी आहे. दहा फेऱ्या फार कमी, आणि त्यातल्या सहा फेव्हरिटवर (ज्याच्या जिंकण्याची सगळ्यात जास्त अपेक्षा असते त्या घोड्यावर) असतील तर तीन विजय कमीच म्हणायचे.

## टप्पा ६: पॅडॉक

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी पाच मिनिटं पुरतात. चाल मोकळी आहे का, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का, मांड्यांमध्ये फेसाळ घाम आहे का, सईसला दोन हातांनी धरावं लागतंय का. पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावलेल्या घोड्याची 'पु-म-शे' मधली जागा एका पायरीने पुढे सरकवून चित्र पुन्हा पाहा. आणि मग ऑड्स उघडा.

सकाळच्या सरावाचा आकडा वाचताना '६००/३९' म्हणजे ६०० मीटर ३९ सेकंदांत. वाळूवरची वेळ गवतावरच्या वेळेशी लावू नका. त्याच घोड्याच्या आधीच्या सरावाशी लावा, आणि तो सहज पळाला की दाबून पळवला ते बघा.

## टप्पा ७: शर्यतीनंतर निदान

वजन होऊन निकाल पक्का होईपर्यंत तिकीट फाडू नका. ऑब्जेक्शन (निकालावर हरकत) आलं तर क्रम बदलू शकतो, आणि फाडलेले तुकडे जुळवत बसलेले लोक दर सीझनला दिसतात.

त्या रात्री व्हिडिओ दोनदा पाहा. पहिल्यांदा फक्त तुमचा घोडा, दुसऱ्यांदा सगळी शर्यत. हरला असेल तर दोष रक्ताचा की हाताचा, हे असं ओळखा:

1. शेवटच्या २०० मीटरला थांबला आणि त्याच्यासोबत पुढे असलेले सगळेच थांबले: वेग चुकला. त्याच अंतरावर पुन्हा संधी द्या.
2. तो एकटाच थांबला, सोबतचे टिकले: अंतर झेपत नाही किंवा तयारी अपुरी आहे. बराच काळ विश्रांतीनंतर पळाला असेल तर तयारी धरा. नसेल आणि वंशावळीच्या रकान्यात 'अंतर जास्त' असेल तर अंतर धरा.
3. शेवटी जोरात आला, पण वाट अडली होती किंवा वळणावर बाहेर होता: हरवलेले मीटर मोजा, लेंथमध्ये बदला, निकालातल्या फरकातून वजा करा.
4. शेवटी जोरात आला, वाटही मोकळी होती, पण आधीपासूनच मागे पडत होता: अंतर कमी पडलं. जॉकीला शिव्या देऊ नका. आईच्या बाजूला दम दिसत असेल तर २०० ते ४०० मीटर वाढलेल्या शर्यतीत त्याचं नाव शोधा.

चौथ्या प्रकारच्या घोड्यांची वहीच्या शेवटी वेगळी यादी ठेवा. नवीन हँडिकॅप आले की सगळ्यात आधी ती यादी काढा आणि कोण लांब अंतरावर उतरतोय ते पाहा, जॉकीचं नाव झाकूनच.